वगळलेल्या बायका

ते प्रकरण कोर्टात गेलं नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, पेपरात ओळभर बातमीही आली नाही. तरी नोकरीतलं कोणतं प्रकरण आठवतं असं कोणी विचारलं, की मला तेच आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

मी तेव्हा अमरावतीत ठाणेदार होतो. एका सकाळी भातकुलीकडची एक बाई नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली. वय चाळिशीच्या आसपास, घरची फुलशेती. मूल होत नव्हतं आणि स्त्रीबीजं फार कमी उरली आहेत, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिने माझ्या टेबलावर एक छापील कागद ठेवला. शहरातल्या एका डॉक्टरांच्या संशोधनाचा तो मराठी सारांश होता. दवाखान्याच्या भिंतीवर तो लावलेला होता आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातही दिला जायचा. बीजं कमी असलेल्या जवळपास निम्म्या बायकांना या टेस्ट-ट्यूब उपचाराने मूल झालं, असं त्यात लिहिलं होतं.

"खोटं हाय हे," ती म्हणाली. "इंजेक्शनच्या दिवसांत आमी साऱ्या बाया सकाळी एकाच बाकड्यावर बसत होतो. मी घरून साऱ्यायसाठी गजरे नेत होती. कोणाकोणाले गजरा देल्ला, मले पक्कं याद हाय. त्यातल्या एकीच्याच घरी पाळणा हालला. मंग निम्म्या कोठून आल्या?"

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे, ताई?"

"खरं काय ते समजलं पायजे. अकोल्याची माही लहानी जाऊ पोटुशी हाय. तिचं हे तिसरं लेकरू बारशाच्या दिवशी माह्या ओटीत घालाचं, असं घरच्यायनं ठरवलं. मी हो म्हणू, का अजून एकडाव इलाज करू? कागद खरा असन त थांबीन. खोटा असन त लेकरू घेईन."

इतका सरळ प्रश्न घेऊन ठाण्यात क्वचितच कोणी येतं. मी मात्र तिची तक्रार गुन्ह्यात बसत नाही, असं ठरवून टाकलं. खरं कारण वेगळं होतं. उघडकीस येणार नाही असा गुन्हा दाखल केला, की ठाण्याची टक्केवारी घसरते आणि बैठकीत साहेब झाडतात. म्हणून असल्या तक्रारी आम्ही साध्या अर्जावर घ्यायचो. गुन्हा नोंदलाच नाही, तर तो सुटला नाही असं कोण म्हणणार? तिचा अर्ज घेतला, पोच दिली आणि फाइल कपाटात गेली.

चार-पाच महिन्यांनी अकोल्याहून फोन आला. त्या दवाखान्यात पूर्वी नोंदी ठेवणारी आणि आता नोकरी सोडून अकोल्यात राहणारी एक बाई बोलत होती; आमच्याकडे अर्ज आल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. "साहेब, तिथं सगळ्या पेशंटचं एक जाडं रजिस्टर हाय. संशोधनासाठी त्यातून दुसरं, बारकं केलं. नावं मीच उतरवली, मनाले लागून राहिलं ते."

साध्या वेषात अकोल्याला जाऊन मी तिचा जबाब घेतला. मग दोन्ही रजिस्टरं मागवली आणि डॉक्टरांना ठाण्यात बोलावलं. खोटारडा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हे गृहस्थ विचार करून बोलत होते. जाड्या रजिस्टरातली बरीचशी नावं बारक्यात नव्हती.

"ज्यांच्या गर्भाशयात गर्भ ठेवला, त्यांचाच निकाल धरला," ते म्हणाले. "कोणाला बीजंच मिळाली नाहीत, कोणाचा गर्भ तयार झाला नाही. त्यांचा उपचार पूर्णच झाला नाही, मग त्यांना अपयशात कसं धरणार?"

"हे कागदावर लिहिलं का?"

"नाही," ते म्हणाले. "लिहायला हवं होतं. पहिल्या इंजेक्शनला किती जणी होत्या आणि कोण कुठे गळाली, हे सांगायचंच असतं. पण मग आकडा पार खाली आला असता."

मी आवाज चढवायच्या तयारीत होतो, पण तो चढवला नाही. हा माणूस माझ्याच ठाण्याची पद्धत मला समजावून सांगत होता.

संमतीपत्रांवर सह्या असल्याने फसवणूक सिद्ध होणं कठीण, असं सरकारी वकिलांनी कळवलं. मी वैद्यकीय परिषदेला अहवाल पाठवला. डॉक्टरांनी तो सारांश मागे घेतला, भिंतीवरूनही उतरवला. मग मी भातकुलीकडे निघालो.

ती शेतात शेवंती तोडत होती. मी सगळं सांगितलं.

"आता सांगून राहिले, साहेब?"

ठाण्यातून काहीच कळलं नाही, तेव्हा छापलेलं खरं असेल असं धरून तिने जावेला नाही म्हटलं होतं. पुन्हा इंजेक्शनं घेतली. एकही बीज मिळालं नाही. तिकडे जावेला मुलगी झाली, तिने बारसं केलं आणि तिचा जीव पोरीत गुंतला.

"आता कोण्या तोंडानं मांगू?" ती म्हणाली.

"चुकलं माझं, ताई."

"माहा अर्ज तुमी वाचला होता का?"

"वाचला होता."

ती पुन्हा फुलं तोडायला लागली.

नोंद टाळणं हे बिनकामाचं काम वाचवणं आहे, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. ज्याचं नाव वगळलं, त्याच्या वाट्याला काय येतं, हे मला त्या शेतात कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत आलेली प्रत्येक तक्रार मी नोंदवून घेतली. टक्केवारी घसरली, बोलणी खाल्ली. तिला त्याचा काय उपयोग? जावेची पोरगी आता शाळेत जाते. सुट्टीत अकोल्याहून गावी आली, की या थोरल्या काकूला तिकडच्या रीतीने मोठमाय म्हणते.