गिअर उशिरा पडणारी गाडी

सोमलिंग मला कधीच आवडला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. बाळासोंच्या गुळाच्या पेढीवर मी कामाला होतो आणि तो त्यांचा ट्रक चालवायचा. सीमेकडच्या गावातला लिंगायत गडी, अंगानं आडदांड, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शिरोळच्या रस्त्यावर एकानं वाट दिली नाही म्हणून त्याचे पुढचे दात पाडले होते. घरी कालवणात मीठ कमी पडलं तरी बायकोला, मल्लव्वाला, बडवायचा. मुलगी विद्याश्री मध्ये पडली की तिलाही. कधी कुणाचं ऐकून घेईल तर शपथ.

दोन हजार एक सालच्या सुमारास बाळासोंनी परदेशी बनावटीची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि सोमलिंगला ट्रकवरून उतरवून तिच्यावर बसवलं. क्लच नसलेली गाडी बघायला तेव्हा कोल्हापुरात माणसं थांबायची. सोमलिंगचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. थंडीत सकाळी ती आडून बसायची. गिअरचा दांडा ओढला तरी गिअर लगेच पडायचा नाही. गाडी गप्प उभी राहायची, आणि आपण विसरलो की मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी धाडकन पुढं जायची. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, आतलं तेल गरम होईपर्यंत थांबत जा. थांबणं याला कुठलं जमायला? तो स्टेअरिंगवर मुठी आपटायचा आणि कानडीत गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्या जानेवारीत विद्याश्रीनं बुद्धभूषणशी लग्न केलं. तो बौद्ध, फौंड्रीत साचे करायचा. टेंबलाईच्या टेकडीखाली एका गल्लीच्या टोकाला दोघांनी खोली घेतली. सोमलिंगला कळलं तेव्हा त्यानं आधी मल्लव्वाचा हात मोडला, कारण तिला हे आधीच ठाऊक होतं. मग भावकीतले चारजण येऊन बसले आणि, पोरगी अजून उजळ माथ्यानं फिरतीय कशी, असं विचारून चहा पिऊन गेले. मला आजही त्या चहावाल्यांची जास्त चीड येते. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमलिंग मालकाची गाडी काढून निघाला. चाकं खोलायची लोखंडी टॉमी त्यानं शेजारच्या सीटवर ठेवली होती. राजारामपुरीतून टेंबलाई ती काय लांब? इंजिन तापलंसुद्धा नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण तिघांकडूनही ऐकलं आहे. गल्लीच्या टोकाला खोलीच्या दगडी जोत्यापर्यंत गाडी भिडली. गाडी आणि जोत्याच्या मध्ये शिरायला जागा हवी म्हणून त्यानं ती थोडी मागं घेतली आणि रागारागानं दांडा हिसडला. ट्रकमध्ये गिअर सुटला की पडला हे क्लचवरच्या पायाला कळतं. इथं पायाला कळायला काही नव्हतंच. दांडा न्यूट्रल ओलांडून पुढं जायच्या गिअरवर गेला होता, पण गाडी थंड, ती जागची हलली नाही. सोमलिंगला वाटलं, गिअर सुटला. हँडब्रेक न ओढता, इंजिन चालू ठेवून, तो टॉमी घेऊन उतरला.

विद्याश्री दारात झाडत होती. त्यानं तिला झिंज्या धरून खाली ओढलं. बुद्धभूषण धावत आला, तर त्याच्या खांद्यावर टॉमी घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. दुसरा घाव डोक्यात घालायला सोमलिंगनं हात उचलला, आणि तेव्हा गिअर पडला. गाडीनं उसळी घेतली आणि त्याचे दोन्ही पाय जोत्याशी चिरडले.

गाडी रेटतच होती. बुद्धभूषण लोंबकळत्या हातानं गाडीत चढला. पुढच्याच क्षणी इंजिन किंचाळलं, गाडी आणखी रेटली आणि उजव्या पायाचा चुरा झाला. गाडीच्या बाजूला पडलेली विद्याश्री उठून काचेवर थापा मारत होती. सोमलिंगनं बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि समोरच्या काचेतून त्या पोराकडं बघितलं.

"क्लच न्हाय तिला," तो म्हणाला. "ब्रेक दाब. दांडा पुढं ढकल, दोन टप्पे. आता थांब. थंड हाय, गिअर उशिरा पडतोय."

ब्रेक दाबला गेला. दांडा पुढं सरकला. मग दोघंही एकमेकांकडं बघत थांबले. शेवटी गाडीला हिसका बसला, ती मागं आली, आणि सोमलिंग लेकीच्या अंगावर कोसळला.

उजवा पाय मांडीपासून काढला. पोलिसांना सोमलिंग आणि बुद्धभूषण दोघांनीही अपघात सांगितला. मल्लव्वा नवऱ्याकडं परत गेलीच नाही, ती लेकीकडं राहिली, आणि फार बरं केलं. सोमलिंग एकटाच राहतो. पुढं काही वर्षांनी मी त्याला भेटायला गेलो, काहीसा खिजवायलाच. म्हटलं, क्लच शोधताना पोराचा पाय चुकून रेसवर पडला आणि तुझा पाय गेला.

"चुकून न्हाय," तो म्हणाला. "मी ड्रायव्हर हाय. पाय चुकला की दाबून धरला, एवढं मला कळतंय. मारणारच हुता त्यो मला."

त्यानं कुबडी जवळ ओढली.

"मग ब्रेक दाबला त्यानं," तो म्हणाला. "मी न्हवता दाबला, टॉमी उचलली तवा."