दिवाबत्ती कराची पावती

घरच्या विजेचं बिल फोनवर आलं की मी ते दहा मिनिटांत भरून टाकतो. बायको हसते. "अहो, शेवटची तारीख लांब आहे. कोण धावून येतंय?" कोणी येत नाही, हे मला ठाऊक आहे. बिल न भरता वर्षानुवर्षं कसं निभावतं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

मी राहतो पनवेलला आणि उरणच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीत लिपिक आहे. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर-ट्रकांमधून स्कूटर काढत रोज जातो, रोज येतो. गावाचे दोन भाग. वरची आळी म्हणजे ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली आणि त्या जागी गाळे, इमारती आल्या ती मंडळी. खाली खाडीला लागून कोळीवाडा. रस्त्यावरच्या दिव्यांचे पंचायतीच्या नावावर दोन मीटर, एक वरचा, एक खालचा.

दर महिन्याला वीज कंपनीची दोन बिलं यायची. मी ती आवक वहीत चढवायचो आणि ग्रामसेवकांपुढे ठेवायचो. ते सरपंचांकडे बघायचे. सरपंच म्हणायचे, "ते वरून भागतं." पूर्वी वरून, सरकारकडून, भागायचं म्हणे. नंतर पत्र आलं की तुमचं तुम्ही भरा. ते पत्रही मी फायलीला लावलं. फाइल फुगली की तिला नवी दोरी बांधायची, एवढाच माझा त्या बिलांशी संबंध.

पण त्याच टेबलावर मी घरपट्टीच्या पावत्याही फाडत होतो. त्या पावतीवर घरपट्टीच्या खाली एक ओळ असते, 'दिवाबत्ती कर'. लोक तो भरत होते. म्हणजे दिव्यांचे पैसे माझ्या उजव्या हाताने मी घेत होतो आणि दिव्यांचं न भरलेलं बिल डाव्या हाताने फायलीत सारत होतो. मधल्या मध्ये ते पैसे कधी कमानीला लागले, कधी सत्काराच्या मंडपाला. मला ते दिसत होतं.

मार्च लागला की वीज कंपनीचा लाइनमन वसुलीला यायचा. इथलाच, जवळच्या गावचा. एकदा चहा पिताना त्याने मला त्याच्या कामाची रीत सांगितली. "पाण्याच्या पंपाला हात नाय लावायचा, भाऊ. पंप कापला की दुपारच्या आत बाया हंडे घेऊन ऑफिसात. दिवे कापले की कोन येत नाय. काळोखात कोन मोर्चा काढतो?" तो हसला. मीही हसलो.

तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा घाईत होता. "आमचे साहेब ऐकत नाय आता. एक तरी कनेक्शन काप आनि ग्रुपवर फोटो टाक, बोलले. सांगा भाऊ, कुठलं कापू?"

सरपंच बाहेरगावी होते, ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला. खोलीत आम्ही दोघेच. थकबाकीचा डोंगर वरच्या मीटरवर होता. तिथे चौकात उंच खांबावर मोठाले दिवे आणि समोरच सरपंचांचं घर. कोळीवाड्याचे दिवे मोजके, बाकी किरकोळ, आणि घरपट्टी वेळेवर आणून देणारे तेच लोक.

मी म्हणालो, "खालचं कापा."

मला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. विचार न करता तोंडातून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. ते खोटं आहे. विचार केला होता. पुरुष होड्यांवर, बाया बाजारात, तक्रार घेऊन येणार कोण? लाइनमनची रीत मी त्याच्याआधी वापरली, इतकंच.

त्याच मार्चअखेरीला वसुलीची खिडकी उघडून बसलो होतो, तेव्हा रांगेतून कोळीवाड्यातली एक मावशी पुढे आली. पनवेलच्या बाजारात मासळी विकते. पहाटे करंजा बंदरावर मासळीच्या लिलावाला जायला निघाली असताना गल्लीच्या उतारावर गटाराची सरकलेली लादी तिला काळोखात दिसली नव्हती. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. विळीवर चालतो तो हात.

"पावती कर, भाऊ."

मी वाचत वाचत लिहू लागलो. "घरपट्टी... पाणीपट्टी... दिवाबत्ती..."

"थांब. दिवाबत्ती कसली? दिवा कुठं हाय?"

"मावशी, तो कर सगळ्यांनाच आहे. ती ओळ मला काढता येत नाही."

"काढ कोन बोलतं? पैसं घे. पन म्होरं लिव, दिवा बंद हाय म्हनून."

"असं पावतीवर लिहीत नाहीत."

"मी शिला म्हावरा ताजा म्हनून इकला तर गिराईक माजी टोपली उलटी करंल. तू दिवा नसताना दिव्याचं पैसं घेतंस नि लिवायला लाजतंस?"

रांगेत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "लिव रे भाऊ, मावशीचा एक हात अजून मोकला हाय!"

मी लिहिलं. दिवाबत्ती कराच्या ओळीपुढे, 'दिवा बंद आहे'. खाली तारीख आणि सही. त्यात शौर्य काही नव्हतं. मला त्या प्लास्टरकडे बघवत नव्हतं आणि ती लवकर जावी असं वाटत होतं. पण पावतीपुस्तकात खाली कार्बन असतो. मी लिहिलेलं कार्यालयाच्या प्रतीवरही उमटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून कोळीवाड्यातल्या बाया आल्या. "मावशीवानी लिवून दे." एकीला लिहून दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? पुस्तक संपलं, दुसरं काढलं. संध्याकाळी सरपंच ती पुस्तकं चाळत उभे होते. "हे ऑडिटला जानार, कळतं का तुम्हाला? तुमच्या अक्षरात? पान फाडताबी येत नाय, नंबर छापलाय त्याच्यावर!"

आठवड्याच्या आत पंचायतीने कोळीवाड्याची बाकी भरली आणि दिवे लागले. वरच्या मीटरची बाकी होती तिथेच राहिली.

खरा त्रास इथून सुरू झाला. कोळीवाड्यात मी चांगला माणूस ठरलो. पनवेलच्या बाजारात मावशीने मला हाक मारून शेजारणींना दाखवलं, "ह्यो आमचा लिवनारा भाऊ." पिशवीत बोंबील कोंबले आणि पैसे परत माझ्या खिशात घातले. पुढच्या वेळी कोलंबी. बायको खूश. मी ताटावर बसायचो आणि भात चिवडत राहायचो. मग बाजाराच्या मागच्या दाराने जाऊ लागलो, तर मावशीने निरोप पाठवला, भाऊ दिसत नाही, बरा आहे ना? मीटिंगमध्ये मन लागेना. स्कूटरवर असताना सिग्नल सुटलेला कळेना, मागचे ट्रकवाले शिव्या घालायचे. बोलायचं ठरवून दोनदा तिच्या टोपलीपर्यंत गेलो आणि भाव विचारून परत आलो.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं.

"लाइट लाइनमनने कापली ना?" ती म्हणाली.

"कापली त्याने. कुठली कापायची, ते मी सांगितलं."

मांदेली निवडणारा तिचा हात थांबला. "कोनी सांगितलेलं तुला?"

"कोणी नाही."

"मंग आता मना कशाला सांगतंस?"

"मन खात होतं, मावशी."

"लाइट काय माजे एकलीची गेलती? हितं माज्या टोपलीत टाकून मोकला व्हाया बगतंस. आयतवारी ये, सगल्यांसमोर बोल." ती पुन्हा मांदेली निवडू लागली. थोड्या वेळाने पिशवी पुढे करून म्हणाली, "दीडशे दे."

मी दिले. तिने ते मोजून घेतले.

रविवारी गेलो. खाडीच्या कडेला बाया सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. कोणी बस म्हणालं नाही, मीही बसलो नाही. एक तरुण मुलगी म्हणाली, "मावशीचं मनगट अजून सरल होत नाय, माहीत हाय ना?" मी हो म्हणालो. त्यापलीकडे कोणी मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. मग मावशीनेच विचारलं, "वरची बाकी अजून हाय?"

"आहे. वाढलीय. मधली दोन वर्षं नोटिशीवर निभावलं, यंदा नाही निभावणार."

"म्हंजे मार्चात परत कापाया येनार. तवा आमाला बोलव. कोनाची कापायची ते आमच्या तोंडावर ठरवा."

मी कबूल केलं. परतताना कळलं की सांगून मोकळं व्हायला गेलो होतो आणि नवी जबाबदारी घेऊन निघालो होतो. जानेवारी-फेब्रुवारी असेच गेले. फोन वाजला की आधी बघायचो, लाइनमनचा तर नाही ना.

काल तो फोन आला. "भाऊ, उद्या अकराला येतो," लाइनमन म्हणाला. "फोटो टाकायचाय. कुठलं कापायचं ते तुमच्या सरपंचांना इचारून ठेवा."

सरपंच समोरच पेपर वाचत होते, त्यांना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "दाखवा खालचं. त्या वर्षी दाखवलंत तसं."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आणि सोयीचंही वाटलं होतं. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत, मुलीचं शिक्षण व्हायचंय, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं. मी तिथेच, त्यांच्यासमोर, मावशीला फोन लावला. पलीकडे बाजाराचा गलका.

"मावशी, तो उद्या अकराला येतोय."

सरपंचांनी पेपर खाली घेतला.

"किती जनी येऊ?" तिने विचारलं.

"याल तितक्या या."

"धा येताव," ती म्हणाली. "चाय सांगून ठेव."