देवीच्या वाटेचे टायर

माझ्या चुलतसासऱ्यांइतका टायरवर अविश्वास असलेला माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा भाबडा विश्वास. भाजीवाल्याने सांगितलं म्हणून कडू दुधी आणतील, ज्योतिषाने सांगितलं म्हणून तीन महिने मीठ सोडतील. पण दुकानात नवा कोरा टायर समोर ठेवला की चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे असे बघतात, जणू काही तो मुलगी मागायला आला आहे. मी सोलापूरकडची, लग्न होऊन तंजावूरला आले. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं बरीच असली, तरी कुलदैवत पाहिलेली मी एकटीच. तुळजापूरची भवानी ह्या सगळ्यांची आई. पिढ्यानपिढ्या इथूनच हात जोडले, गेलं कुणीच नाही. चुलतसासऱ्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, मात्र एकदा तिचं तोंड पाहायचं होतं. मणक्याच्या दुखण्याने त्यांना तासाभरावर बसवत नसे, त्यामुळे रेल्वे आणि बस दोन्ही बाद. म्हणून काकांनी जीपमागे ओढायचं एक चाकांवरचं घर पुदुच्चेरीहून जुनं विकत आणलं. तासभर जीपमध्ये बसायचं, मग थांबून काकूंनी मागच्या पलंगावर पाठ टेकायची, असं करत करत तुळजापूर. बेत इतका चांगला होता की मीही बॅग भरून ठेवली.

मग त्या घराचे झिजलेले टायर बदलायची वेळ आली, आणि आमची सगळ्यांची दशा झाली. दुकानदाराने मोटारीचे टायर दाखवले, माप तेच होतं. काका म्हणाले, "ओढणाऱ्याचं निराळं, ओढल्या जाणाऱ्याचं निराळं. ह्याची कूस मऊ आहे, भार आला की डोलतो." मग त्यांनी टायरच्या कडेवरचे बारीक आकडे वाचून दाखवले. कोणत्या आठवड्यात जन्मला, किती भार सोसेल, हवा किती, ती थंड असतानाच कशी मोजायची. दुकानदाराने हळूच फॅन बंद केला. तरी काका उठले नाहीत. खरं सांगायचं तर ते बोलत होते ते सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

टायर चेन्नईहून मागवले, आले, बसले. पण भार मोजल्याशिवाय निघायचं नाही, म्हणून काका ते घर भाताच्या गिरणीतल्या काट्यावर घेऊन गेले. तिथे गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं, आणि तंजावूरहून आईकडे माणूस चाललंय ही बातमी पसरली. दुसऱ्या दिवसापासून ओट्या यायला लागल्या. खण, साड्या, नारळ, पितळी समया, एका घरून तर हातभर घंटा. ओरत्तनाडूच्या शेतीवाल्या नातेवाइकांनी नव्या तांदळाचं पोतं पाठवलं, "आईच्या नैवेद्यास." देवीची ओटी नको म्हणायची कुणाची छाती आहे? ती सगळी पलंगाखाली गेली. काका पुन्हा काट्यावर गेले, आणि टायर कमी पडले.

जास्त भाराचे टायर मागवले, तर ते जुन्या चाकावर बसेनात. चाकं बदलली, तोवर आणखी पाच घरच्या ओट्या आल्या. उभ्या उभ्याही टायर म्हातारे होतात, हे काकांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळे एक जोड न वापरताच निवृत्त झाली. नारळ दोनदा बदलले. मी वैतागून म्हणाले, "काका, निम्म्या ओट्या पोस्टाने पाठवू या."

"अय्यो, आईस पार्सल करितेस?" ते अगदी दुःखाने म्हणाले.

काकू रोज दुपारी मला विचारायच्या, "आईचे डोळे कसे आहेत गं? मोठे आहेत की?" मी सांगायची. पुढे पुढे त्यांना उठवेनासं झालं, तेव्हा एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "आहेत ते टायर चांगले आहेत म्हणून तूंच सांग त्यांस." मी सांगितलं. भांडलेसुद्धा. काका खालच्या आवाजात म्हणाले, "वाटेंत फुटला तर? तिच्या पाठीस एक हिसका सोसवायचा नाही." ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हेच मला कळेनासं झालं.

काकू श्रावणात गेल्या. दिवस झाल्यावर लोक संकोचाने एकेक करून आले आणि आपापल्या ओट्या परत घेऊन गेले. समया गेल्या, घंटा गेली, तांदळाचं पोतं दोघांनी उचलून नेलं. काकांनी स्वतः पलंगाखालून एकेक वस्तू काढून दिली, ज्याची त्याला, न चुकता. सगळं रिकामं झाल्यावर त्यांनी जीप जोडली आणि कुणालाही न सांगता गिरणीच्या काट्यावर जाऊन आले.

मी कॉफी घेऊन बाहेर गेले. ते पायरीवर बसले होते.

"आतां कुठलाही टायर चालतो," ते म्हणाले.

मला रडू आलं. म्हटलं, "मग आपण जाऊ या ना, काका. मी येते."

त्यांनी कॉफीचा पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"जाऊन आईस काय सांगूं? टायर मिळेना म्हणून?"