विचारून जायची वाट

मयत बांधावर थांबली होती आणि मी तात्यांच्या मळ्यातल्या घरापुढं हात जोडून उभी होते. तात्या ओट्यावर जेवत होते. माझ्याकडं बघितलंही नाही.

"तात्या, कौसामावशी गेली. वाट पायजे."

"जेवण होऊ दे. मेलेल्याला काय घाई हाय?"

त्यांनी भाकरी मोडली. मी उन्हात उभीच. मागं वस्तीची माणसं तिरडी खाली ठेवून बसलेली. पुढं तात्यांची काटेरी तार.

विचारायचा हा नियम एकट्या तात्यांचा नव्हता. तो मी करून आणला होता. हे सांगताना आजही जीभ जड होते.

आमच्या वस्तीची स्मशानाची वाट तात्यांच्या उसाच्या कडेनं जाते. बापजाद्यांपासूनची. मागच्या साली त्यांनी तिच्यावर तार ओढली. बोंबाबोंब झाली. पोलीस नको, कोर्ट नको, गावातच मिटवू असं ठरलं. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणजे गावच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. त्यांनी मला समितीत घेतलं. म्हणाले, "बाई पायजे, आन् वस्तीतलं माणूस बी पायजे. तुझ्यात दोन्ही भागतंय." सगळे हसले. मीही हसले. खुर्ची मिळाली होती ना!

बैठकीत तोडगा निघाला. वाट मिळेल, पण दर मयतीला आधी तात्यांना विचारायचं. वस्ती तयार होईना. सगळ्यात जास्त अडून बसली कौसामावशी. गुरुजींनी मला खुणावलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशे, टाळी एका हातानं वाजत न्हाय. थोडं तू सोड."

"टाळी कुठं वाजली, पोरी? थोबाडीत बसलीय. ती एकाच हातानं बसती."

तरी मी तिचा पिच्छा सोडला नाही. तिच्या अडीनडीला धावले होते, ते सगळं त्या दिवशी वसूल केलं. शेवटी ती गप झाली. तिच्या गप बसण्याला मी होकार म्हणाले. गुरुजींनी पाठ थोपटली. फोटो निघाला, त्यात मी मधोमध.

आणि आता तिचीच मयत माझ्या नियमापायी अडली होती.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर ऊस भरून ढोकीच्या साखर कारखान्याला निघाला. तात्यांच्या गड्यानं धावत जाऊन तार बाजूला केली. ट्रॅक्टर गेला. तार पुन्हा लागली. ट्रॅक्टरवाल्यानं कुणाला काही विचारलं नाही.

अंगाची आग झाली. तात्यांवर होती, त्याहून जास्त माझ्यावर. जोडलेले हात सोडले आणि मागं फिरले.

"उचला," मी म्हणाले.

"तात्या व्हय म्हणले का?"

"विचारायचं न्हाय. उचला."

तार मी बाजूला ओढून धरली. तळहात फाटला. मागून तात्यांच्या शिव्या येत राहिल्या. कुणी थांबलं नाही.

आठवडाभरानं गुरुजी घरी आले. "तात्या लई चिडलेत. तू माफी माग, मी मिटवतो."

त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं. मी म्हणाले, "बैठक घ्या, गुरुजी. मी येते. उसाची नासधूस होऊ नये, तार कुठं असावी, सगळं बसून ठरवू. पण वाट आमची हाय. ती द्यायची का न्हाय, ह्यावर बोलणं होणार न्हाय. आन् वस्ती न्हाय म्हणली, तर ते न्हायच धरायचं."

"असं अडून बसलीस तर समितीत कशी राहशील?"

"राहणार. वस्तीला गप करायचं काम मला सांगाल, तर भर बैठकीत सांगंन की मला हे काम सांगितलंय."

गुरुजी उठले. दारात पुन्हा म्हणाले, "आगं, नुसती माफी तर हाय."

माफी मागायची होती ती कौसामावशीची. ती आता मागता येत नाही. तात्यांची मागणार नाही.