एका गट नंबरातले दोघे

मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. हातात मावेल एवढं एक यंत्र घेऊन उसाच्या कडेकडेनं चालायचं, फिरून मूळ जागी आलं की ते क्षेत्र दाखवतं. यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत पेटंटचे आकडे छापलेत. पूर्वी साखळीनं मोजणी व्हायची तेव्हा बांधावर हमखास भांडणं लागायची. आता आकाशातून मोजतंय म्हटल्यावर लोक गप्प बसतात. माझ्या वडिलांचा तर त्या यंत्रावर देवाइतका विश्वास. "वरनं बघतंय ते, त्याला कोण फशिवणार?" असं म्हणायचे.

वडिलांच्या फुफ्फुसात गाठ निघाली तेव्हा पुण्याला डॉक्टरांसमोर बसताना ते यंत्र माझ्या हातातच होतं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची हौस होती. गाठीचा तुकडा तपासून आला होता. त्यात जो बिघाड सापडला, नेमक्या त्याच्यावरच चालणारी एक गोळी होती. रोज एक. तिचंही पेटंट होतं, दुसरं कुणी ती बनवत नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या यंत्राकडे बोट केलं. "आबा, हे कसं अचूक जागा शोधतं? तशीच ही गोळी. गाठीचा पत्ता हुडकते, बाकी अंगाला फारसा हात लावत नाही."

वडिलांना ते लगेच पटलं. एवढं पटायला नको होतं.

गोळी लागू पडली. तोंडावर पुरळ उठलं, पण खोकला बसला. उन्हाळा संपायच्या आत वडील सणसरच्या आमच्या बांधावर पुन्हा हिंडू-फिरू लागले.

त्याच सुमारास धाकट्या चुलत्यांना तोच आजार निघाला. त्यांचाही तुकडा तपासला, पण तो बिघाड त्यांच्या गाठीत नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही गोळी यांच्या कामाची नाही, किमो घ्यावी लागेल. चुलते एकदा जाऊन आले आणि पुढं काही ना काही सबब सांगून टाळू लागले.

आमची आणि त्यांची जमीन एकाच गट नंबरात. मध्ये बांध, विहीर सामाईक, पाण्याची पाळी एक दिवसाआड. या पाळीवरून दोघा भावांत कधी शब्दानं शब्द वाढला नाही, आणि भावकीत हे नवलच म्हणायचं. पावसाळ्यात उसाची नोंद घ्यायला मी त्यांच्या रानात गेलो, तर चुलते वस्तीवर बाजेवर बसलेले. तोंडभर पुरळ. नाकाच्या दोन्ही बाजूंना, वडिलांना आलं होतं तेच.

"तात्या, हे किमोनं आलं का?"

"किमो कशाची," चुलते खुशीत होते. "तुज्या बाला आलतं तसंच हाय का न्हाय बघ. लागू पडली म्हणायची."

मोजणी तशीच टाकून घरी आलो. वडिलांनी काही लपवलं नाही.

"पाळी लावलीया," ते म्हणाले. "एक दिस मी, एक दिस त्यो."

"आबा, त्यांच्या गाठीला ती चालत न्हाय. आन् तुमालाबी ती रोज लागती."

"एका आईचं आमी, एका गटातलं. आजार बी योकच. मग पत्ता येगळा कसा आसंल? म्या बरं व्हायचं आन् त्यानं बघत बसायचं व्हय?"

मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी ते गोळी खिशात टाकून बांध ओलांडून गेले.

पुण्यात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वडिलांची गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर माझ्याशी एकट्याशी बोलले. अजून वेळ गेलेली नाही, पण आता एकही दिवस चुकता कामा नये, म्हणाले. हे मी दोघांनाही सांगितलं. त्यानंतर गोळी परत करायला चुलते स्वतःच बांधापर्यंत आले होते म्हणे, पण वडिलांनी घेतली नाही.

दसऱ्याच्या आधी चुलते गेले. मला रडू आलं, आणि रडतानाच मनात आलं की आता तरी आबा रोज गोळी घेतील. सावडून आल्यावर मी गोळी आणि पाण्याचा तांब्या वडिलांसमोर ठेवला.

"आज त्याची हाय," ते म्हणाले.

आमच्या विहिरीचा रिवाज असा, की वाटेकरी वारला तरी तेराव्यापर्यंत त्याची पाळी कुणी घेत नाही. त्याच्या पाळीच्या दिवशी पाणी त्याच्याच रानात सोडतात. मी हातापाया पडलो. आई रडली. वडील उठले, विहिरीवर जाऊन मोटर चालू केली आणि भावाच्या उसात पाणी धरत उभे राहिले. तेरावं होईपर्यंत भावाच्या प्रत्येक पाळीला हेच, गोळी तशीच पडून.

तेराव्याची पंगत उठल्यावर त्यांनी आपणहून गोळी मागितली. मी धावत जाऊन आणली. त्यांनी ती जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला, आणि पुन्हा सुरू झालेल्या खोकल्यापुढं घोटभर पाणीही खाली उतरेना.