उत्तर ध्रुवाजवळचे मार्गदर्शक

उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांना सिनेमा कसा काढायचा हे बहारीनमध्ये बसून शिकवणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका इथल्या अमवाज बेटावरच्या आमच्या इमारतीत, आमच्याच डोक्यावर राहतो. मुलांनो, तुमच्या आजोबांचे हे मित्र. तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा तुमच्या आइस्क्रीमचं तापमान विचारणारे तेच. मूळचे सांगलीचे, पण सगळी नोकरी इथल्या हॉटेलांच्या एसीची देखभाल करण्यात गेली, त्यामुळे थंडी हा विषय आपण कोळून प्यायलो आहोत अशी त्यांची समजूत आहे. "वहिनी, बर्फाचं मला सांगू नका," असं ते म्हणतात, तेही बाल्कनीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसेल अशा दुपारी.

सिनेमाचा अधिकार त्यांना इथल्या मराठी मंडळाने बहाल केला. गणेशोत्सवातली एकांकिका दरवर्षी तेच बसवतात. एकांकिका कोणतीही असो, शेवटी परदेशातला मुलगा परत येऊन आईच्या पायांवर पडून रडतोच. एका वर्षी खुनाची रहस्यकथा होती. तिच्यात मुलगा नव्हता आणि आईही नव्हती, तेव्हा इन्स्पेक्टर मयताच्या आत्याच्या पायांवर पडून रडला. प्रेक्षक पोट धरून हसले. "रडू आवरायला हसतात लोक," हे त्यावरचं त्यांचं निदान.

त्यांची एकुलती एक लेक इथेच वाढली, नर्स झाली आणि कॅनडाच्या पार उत्तरेला, इन्युइट लोकांच्या एका गावात नोकरीला गेली. त्या गावाला जाणारा रस्ताच नाही, आणि विमानसुद्धा हवामानाची मर्जी पाहून उतरतं. तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. जावई गुणी, अबोल आणि लघुपट करणारा. लग्न ठरल्यावर सासऱ्यांनी एकच गंभीर प्रश्न विचारला होता, "घराच्या भिंतीत इन्सुलेशन काय वापरतात?"

त्या भागातल्या लोकांना लघुपटांसाठी अनुदान मिळतं. अट सरळ आहे. गोष्ट तिथली, माणसं तिथली आणि निर्णयही तिथल्यांचेच. सिनेमा बाहेरचा कोणी चालवणार असेल तर अर्ज बाद. जावयाला आपल्या आईवर सिनेमा करायचा होता. ती सीलच्या कातड्याचे बूट शिवते, तेवढंच दाखवायचं होतं. बिचाऱ्याने मान द्यायचा म्हणून अर्जाचा मसुदा सासऱ्यांना दाखवला, आणि सासऱ्यांनी तो मान पुरेपूर वसूल केला. मंडळासाठी देणगीदार गाठताना आपण जे जे करतो, ते ते त्यांनी त्यात घातलं. पहिल्या खेळाला दीपप्रज्वलन. अनुदान समितीच्या सर्व सदस्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. नारळ तिकडे मिळत नसल्यास मनाम्याच्या सूक बाजारातून रवाना होतील, असं आश्वासन. गोष्टीच्या शेवटी, अर्थातच, परदेशी गेलेला मुलगा आणि आईचे पाय. आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक' म्हणून स्वतःचं नाव. जावयाने एक अक्षर न बदलता ते पाठवून दिलं, कारण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही हे तिकडेही शिकवतात. चांगले संस्कार कधी कुठे आडवे येतील, सांगता येत नाही.

समितीने विचारलं, हे बहारीनचे गृहस्थ कोण? दोघांनीही व्हिडिओ कॉलवर खुलासा करावा.

लेकीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते.

"बाबा, ग्रँट गेली तर फिल्म गेली. त्याच्या आईची बोटं आखडायला लागलीत. पुढच्या वर्षी तिला सुई धरता येईल की नाही, माहीत नाही."

"अगं, मी फक्त मार्गदर्शन करतोय."

"तेच थांबवा ना, बाबा. प्लीज. खलास."

स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणाली, "इन्स्पेक्टरला रडवणारा माणूस आहे तो. तुझं ऐकतोय होय!"

कॉलच्या दिवशी आपलं इंग्रजी कुठे अडलं तर मदतीला असावी म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. गृहस्थ ब्लेझर आणि टाय घालून सज्ज, टेबलाखाली मात्र लेंगा. समितीतल्या एका वृद्ध बाईंनी शांतपणे विचारलं, "या सिनेमात शेवटचा शब्द कोणाचा?" सासरे समोर असताना जावई आधी बोलणार नव्हता. लेक त्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. इकडे यांनी घसा खाकरला. मंडळात हा आवाज आला की मागच्या रांगा चहाला उठतात. बायकोने डोळे मिटून घेतले.

"त्याचा," ते इंग्रजीत म्हणाले. "त्याचा आणि त्याच्या आईचा. मी फक्त मुलीचा बाप. माझं नाव काढून टाका."

एवढं बोलून ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मग जावई बोलायला लागला. तो इतकं बोलू शकतो हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. अर्थात, त्याला आजवर संधी तरी कोणी दिली होती?

अनुदान मिळालं. अर्जातून नाव निघालं, नारळही निघाले. आपण माघार घेतली म्हणूनच ते मिळालं, हे त्यानंतर अमवाजमध्ये भेटेल त्याला त्यांनी सविस्तर सांगितलं. माघार घेण्यातही मार्गदर्शन लागतं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या आठवड्यात तो सिनेमा आला आणि आम्ही त्यांच्या टीव्हीवर पाहिला. म्हातारीची वाकडी बोटं, कातडं आणि सुई. बाहेर वारा. मध्येच कडेला आपली ही लेक दिसली, टाका चुकलेली. सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. लेकीने त्यांच्याच भाषेत फटकन उत्तर दिलं, आणि दोघी हसू लागल्या. तेवढ्या बोलण्याला खाली इंग्रजी अक्षरं नव्हती.

"परत लाव गं," ते बायकोला म्हणाले. तिने लावलं. दोघी पुन्हा हसल्या.

"काय म्हणाली असेल?"

"फोन करून विचारा की," मी म्हटलं.

"नको, वहिनी. घरातलं बोलणं असतं ते."

मग रिमोट स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी तोच तुकडा आणखी एकदा लावला. दोघी हसल्या. या वेळी, एक शब्दही न कळता, नेमक्या त्याच जागी तेही हसले.