विरजणाची वाटी

समोरच्या शैलाताई सकाळी विरजणासाठी वाटी घेऊन आल्या, तेव्हा मी मोबाइलवर चरफडत होते. सुनेला ताप होता, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कुठली औषधं चालतात हे सांगणारं सरकारी वेबसाइटवरचं पान गायब झालं होतं.

"अगं, मी ते कधीच उतरवून ठेवलंय," म्हणत त्यांनी ते पान मला लगेच मोबाइलवर पाठवलं. सुनेनं वाचलं, डॉक्टरांना विचारून खात्री केली. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या मजल्यावर विरजण कधी संपतच नाही. एकीचं नासलं तरी दुसरीकडे असतंच. सगळ्यांच्या मालकीचं ज्ञान तरी एकाच घरी का ठेवावं?

"हे तुमचंच हं," मी वाटीत दही घालत म्हटलं. "माझं नासलं तेव्हा तुम्हीच दिलेलं."

वाटी झाकत त्या म्हणाल्या, "मग ते पानही दोन घरी देऊन ठेव."